मलावीच्या खेड्यात दोन आठवडे : अल्पकालीन सेवादौऱ्यावर प्रथमच निघालेल्यांसाठी

आफ्रिकेत सेवेसाठी जायचे ठरवलेले तरुण माझ्याकडे येतात तेव्हा बहुधा सोबत न्यायच्या वस्तूंची यादी मागतात. ती यादी मी देतो. परंतु त्याआधी ज्या मंडळीकडे, म्हणजे तेथील चर्चकडे, ते निघाले आहेत तिने पाठवलेले निमंत्रणाचे पत्र दाखवा, असे सांगतो. पत्र नसेल तर तयारीची सुरुवात त्या पत्रापासूनच करावी लागते. अल्पकालीन सेवादौरा यजमान मंडळीच्या उपयोगी पडणार की तिच्यावर ओझे होऊन बसणार, हे विमानात पाऊल ठेवण्यापूर्वीच बव्हंशी ठरलेले असते, आणि म्हणून या लेखाचा मोठा भाग तयारीविषयी आहे.

आफ्रिका हा पन्नासहून अधिक देशांचा खंड आहे आणि एका देशातली रीत शेजारच्या देशात चालेलच असे नाही. त्यामुळे मी येथे मलावी या एकाच देशाविषयी, आणि त्यातही मध्य भागातील चेवा लोकांच्या खेड्यांविषयी लिहीत आहे, कारण तेथील मंडळ्यांमध्ये मला राहायला मिळाले. टांझानियाला किंवा युगांडाला जाणाऱ्यांनी पायऱ्या याच ठेवाव्यात, तपशील मात्र तेथील यजमानांकडून नव्याने विचारून घ्यावेत.

या देशाशी आपले एक जुने नाते आहे आणि ते निघण्यापूर्वी माहीत असावे. आजच्या दक्षिण मलावीतील चुमा नावाच्या याओ जमातीच्या मुलाला १८६१ मध्ये स्कॉटिश मिशनरी व प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन आणि त्यांच्या सोबतच्या मिशनऱ्यांनी गुलामांच्या तांड्यातून सोडवले. तो १८६४ मध्ये लिव्हिंग्स्टनबरोबर मुंबईला आला, डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेत शिकला आणि मुंबईतच त्याचा बाप्तिस्मा झाला. १८६६ च्या मोहिमेत तो पुन्हा आफ्रिकेत परतला, तेव्हा त्याच्याबरोबर नाशिकजवळच्या शरणपूर येथे शिकलेले मुक्त आफ्रिकी तरुणही होते. १८७३ मध्ये लिव्हिंग्स्टन यांचे निधन झाल्यावर त्यांचे हृदय आजच्या झांबियात पुरण्यात आले, त्या वेळी अंत्यविधीची प्रार्थना वाचणारा जेकब वेनराइट हाही शरणपूरचाच विद्यार्थी. मलावीतल्या एका वडीलधाऱ्या पाळकांना मी हे सांगितले तेव्हा ते बराच वेळ माझा हात हातात धरून बसले होते. आपण तेथे पहिल्यांदा जात नाही, ही जाणीव मनात असली म्हणजे वागण्यात आपोआप नम्रता येते.

पहिली पायरी : निमंत्रण आणि हंगाम

मलावीत शुभवर्तमान पोहोचवायला आपण निघालो आहोत, असे कोणी समजत असेल तर ती समजूत येथेच दुरुस्त करावी. स्कॉटलंडच्या मिशनने तेथे १८७५ मध्ये काम सुरू केले. लिव्हिंग्स्टोनिया आणि ब्लँटायर येथील मंडळ्या १९२४ मध्ये एकत्र येऊन मध्य आफ्रिकेची प्रेस्बिटेरियन मंडळी स्थापन झाली, आणि १९२६ मध्ये न्खोमा येथील मंडळ्या तिला मिळाल्या. २०१८ च्या जनगणनेनुसार देशातील तीन-चतुर्थांशाहून अधिक लोक ख्रिस्ती आहेत. रविवारच्या उपासनेला खेड्यातले ख्रिस्तमंदिर भरून लोक बाहेर झाडाखाली बसलेले तुम्हाला दिसतील. अशा मंडळीकडे आपण पाहुणे म्हणून आणि तिच्या पाळकांच्या हाताखाली काम करायला जातो. म्हणून निमंत्रणाच्या पत्रात चार गोष्टी स्पष्ट असाव्यात: कोणते काम हवे आहे, ते काम सध्या तेथे कोण करतो, तुमची जबाबदारी कोणावर राहील, आणि तुम्ही परतल्यावर ते काम कोण पुढे नेईल. चौथ्या प्रश्नाला उत्तर नसेल तर ते काम न घेणे बरे.

हंगामाचा विचार आपल्याकडचे लोक करत नाहीत, याचे मला आश्चर्य वाटते, कारण आपल्यापैकी अनेकांची घरे शेतकऱ्यांची आहेत. मलावीत पाऊस साधारण नोव्हेंबरात सुरू होतो आणि एप्रिलपर्यंत चालतो. नोव्हेंबर-डिसेंबरात सारे गाव पेरणीत गुंतलेले असते. जानेवारी ते मार्च हे महिने सर्वांत कठीण, कारण मागच्या वर्षीचा मका संपत आलेला असतो आणि नवा मका अजून शेतात उभा असतो. या काळात अनेक घरांत दिवसातून एकदाच चूल पेटते. अशा वेळी दहा माणसांचा गट एखाद्या खेड्यात उतरला तर यजमान कणगीतले शेवटचे धान्य काढून पाहुण्यांना वाढतात आणि त्याबद्दल अवाक्षरही काढत नाहीत. मे ते ऑगस्ट हा काळ उत्तम. मका घरात आलेला असतो, रस्ते कोरडे असतात, हवा थंड असते. जून-जुलैच्या रात्री तर स्वेटर लागतो, आणि आफ्रिका म्हणजे सदैव ऊन अशी कल्पना करून गेलेले लोक तेथे कुडकुडतात.

दुसरी पायरी : गट आणि काम ठरवणे

गट सहा ते आठ जणांचा असावा. एका पिकअप गाडीत आणि दोन-तीन घरांच्या पडव्यांत मावेल एवढाच. गटात दोन तरी प्रौढ स्त्रिया असाव्यात, कारण तेथील मंडळीचा कणा म्हणजे स्त्रियांचे मंडळ, ज्याला मध्य भागात चिग्विरिझानो म्हणतात, आणि त्या गणवेशातल्या भगिनींशी मोकळेपणाने बोलू शकेल अशी कोणी सोबत नसेल तर अर्धी मंडळी तुम्हाला कधीच भेटणार नाही.

कामाच्या निवडीबद्दल मला थोडे विस्ताराने सांगायचे आहे. माझ्या पहिल्या दौऱ्यात आम्ही रविवारच्या शाळेसाठी एक खोली बांधायला घेतली. आमच्यातल्या एकालाही गवंडीकाम येत नव्हते, उत्साह मात्र भरपूर होता. तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आले की आंब्याच्या झाडाखाली एक मध्यमवयीन माणूस रोज सकाळपासून बसलेला असतो. त्याच्या बाजूला थापी असे आणि शर्टाच्या खिशातून ओळंब्याची दोरी लोंबत असे. तो त्या गावचा गवंडी होता. पाहुण्यांचे काम संपले की आपल्याला काही काम मिळेल का, याची तो वाट पाहत होता. आमच्या आठ जणांच्या विमानभाड्यात त्याच्यासारख्या कितीतरी कारागिरांना कितीतरी महिने मजुरी देता आली असती. तेव्हापासून मी एकच नियम पाळतो: जे काम गावातला माणूस करू शकतो ते पाहुण्याने करू नये; त्यासाठी पैसे उभे करायचे असतील तर ते मंडळीच्या हिशेबात जमा करावेत आणि काम गावकऱ्यांना द्यावे.

मग पाहुण्यांनी काय करावे? ज्याच्यापाशी खरे कौशल्य आहे त्याने ते शिकवावे. हिशेब ठेवणाऱ्याने मंडळीच्या खजिनदाराबरोबर बसावे, परिचारिकेने आरोग्य स्वयंसेवकांचा वर्ग घ्यावा, पाळकाने शेजारच्या चार-पाच मंडळ्यांच्या वडीलमंडळांबरोबर वचनाचा अभ्यास करावा, आणि ज्याच्यापाशी असे काही नाही त्याने पाणी वाहावे, खुर्च्या लावाव्यात, मुलांबरोबर गाणी म्हणावीत आणि आजाऱ्यांच्या घरी जाऊन प्रार्थना करावी. हे शेवटचे काम कमी प्रतीचे मुळीच नाही.

वैद्यकीय सेवेसाठी जाणाऱ्यांनी विशेष जपावे. भारतातली पदवी असली तरी मलावीच्या वैद्यकीय परिषदेकडे तात्पुरती नोंदणी केल्याशिवाय रुग्ण तपासू नयेत, आणि जे आपल्याकडे करण्याची परवानगी नाही ते तेथे गरज आहे म्हणून करू नये. खेड्यांत मंडळ्यांचे दवाखाने बरेच आहेत आणि १९६६ पासून ख्रिस्ती आरोग्य संघटना त्यांचे काम एकत्र पाहते. त्यांना विचारूनच औषधे न्यावीत. मुदत संपत आलेल्या गोळ्यांचे खोके नेणे म्हणजे त्यांच्या गळ्यात विल्हेवाटीचे काम बांधणे होय. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार दान दिलेल्या औषधांची मुदत पोहोचल्यावर किमान एक वर्ष शिल्लक असली पाहिजे.

पाण्याच्या कामाला जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट. आफ्रिकेत अनेक देशांत वापरला जाणारा इंडिया मार्क टू हा हातपंप, म्हणजे आपला हापसा, आपल्या जालना आणि सोलापूर भागात मिशनच्या विहिरींच्या कामातून तयार झालेल्या पंपांवरून १९७० च्या दशकात विकसित झाला. मलावीत प्रामुख्याने अफ्रिदेव्ह नावाचा पंप दिसतो, आणि त्याची रचनाच अशी आहे की गावातल्या लोकांना तो स्वतः उघडून दुरुस्त करता यावा. तेव्हा नवी विंधनविहीर खोदण्याआधी जुना हापसा का बंद पडला आहे, हे गावच्या पाणी समितीला विचारावे. पुष्कळदा वायसर आणि बुशिंग बदलून काम भागते, आणि ते बदलायला गावातल्याच दोन स्त्रियांना शिकवता येते.

तिसरी पायरी : कागदपत्रे, लसी आणि हिवताप

पासपोर्टची मुदत प्रवासानंतर किमान सहा महिने असावी. व्हिसाचे नियम बदलत असतात, म्हणून नवी दिल्लीतील मलावीच्या उच्चायुक्तालयाकडून त्या वेळचा नियम समजून घ्यावा आणि अर्जात कामाचे खरे स्वरूप लिहावे. पर्यटक म्हणून जाऊन सेवाकार्य करणे हे कायद्याच्या दृष्टीने अयोग्य आहेच, शिवाय पकडले गेलात तर अडचणीत यजमान मंडळी येते.

मुंबईहून लिलाँग्वेला जाताना बहुतेक जण अदिस अबाबा किंवा नैरोबी येथे विमान बदलतात. मलावीत पीतज्वर नाही, परंतु इथिओपिया आणि केनिया हे पीतज्वराचा धोका असलेल्या देशांत मोडतात. तेथे बारा तासांहून अधिक थांबलात तर मलावीत लसीचे प्रमाणपत्र मागितले जाते, आणि भारतात परतताना ते नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावे लागू शकते. म्हणून ही लस घेऊनच जावे. ती सरकारने अधिकृत केलेल्या केंद्रांतच मिळते, प्रवासाच्या किमान १० दिवस आधी घ्यावी लागते, आणि एकदा घेतलेल्या लसीचे प्रमाणपत्र आता आयुष्यभर चालते. अंड्याची तीव्र ॲलर्जी असेल तर डॉक्टरांना आधी सांगावे. धनुर्वात, विषमज्वर आणि कावीळ-अ यांच्या लसींविषयीही त्याच भेटीत विचारावे.

हिवतापाला हलक्यात घेऊ नका. आपल्याकडे मलेरिया अनेकांनी पाहिलेला असतो आणि म्हणूनच आपण निष्काळजी राहतो. मलावीत तो वर्षभर असतो आणि तेथे प्रामुख्याने फाल्सिपारम हा घातक प्रकार आढळतो, जो काही दिवसांत जीव घेऊ शकतो. प्रतिबंधक गोळ्यांचे दोन-तीन प्रकार आहेत. डॉक्सिसायक्लिन रोज घ्यावी लागते आणि परतल्यावरही चार आठवडे चालू ठेवावी लागते. ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल परतल्यावर सात दिवस घ्यावी लागते. मेफ्लोक्विन आठवड्यातून एकदा असते, परंतु ती सर्वांना मानवत नाही. निवड डॉक्टरांनीच करावी. परतल्यावर गोळ्या मध्येच सोडणारेच बहुधा आजारी पडतात. गोळ्यांबरोबर औषध लावलेली मच्छरदाणी आणि संध्याकाळनंतर पूर्ण बाह्यांचे कपडे हवेतच. मलावी सरोवर कितीही निळेशार दिसले तरी काठच्या उथळ पाण्यात उतरण्याआधी स्थानिक लोकांना विचारा, कारण तेथील गोगलगायींमुळे बिल्हार्झिया हा रोग होतो.

चौथी पायरी : भाषा

इंग्रजी ही तेथील कारभाराची भाषा आहे, पण खेड्यात चिचेवा चालते. तुम्हाला पंधरा-वीस वाक्ये पाठ हवीत, आणि ती शिकणे मराठी माणसाला सोपे जाते, कारण त्या भाषेतही आपल्यासारखेच आदरार्थी अनेकवचन आहे. पाळकांना 'अबुसा', गावच्या प्रमुखांना 'अम्फुमु', वयस्क पुरुषाला 'अबांबो', स्त्रीला 'अमायी' आणि आजी-आजोबांना 'अगोगो' म्हणतात. नुसत्या नावाने मोठ्या माणसाला हाक मारणे जसे आपल्याकडे खटकते तसेच तेथेही खटकते.

भेटल्यावर 'मुली ब्वांजी?' असे विचारायचे. उत्तर येते 'न्दिली ब्विनो, काया इनु?', म्हणजे मी बरा आहे, आणि तुम्ही? कोणाच्याही अंगणात शिरताना बाहेरूनच 'ओदी' म्हणायचे आणि आतून 'ओदिनी' असा आवाज येईपर्यंत थांबायचे. आभारासाठी 'झिकोमो', दिलगिरीसाठी 'पेपानी'. निघणारा माणूस राहणाऱ्याला 'त्सलानी ब्विनो' म्हणतो, राहणारा निघणाऱ्याला 'पितानी ब्विनो'. ही कुशलाची देवघेव उरकून टाकू नका. रस्त्याने जाताना दहा माणसे भेटली तर दहा वेळा थांबून ती करायची असते. वस्तू देताना किंवा घेताना उजवा हात पुढे करून डाव्या हाताने उजव्या कोपराला आधार द्यायचा. स्त्रिया वडीलधाऱ्यांशी बोलताना गुडघे किंचित वाकवतात.

भारतीय माणसाला चिचेवात 'म्वेन्ये' म्हणतात. तेथील शहरांत भारतीय, विशेषतः गुजराती वंशाच्या कुटुंबांची दुकाने कैक पिढ्यांपासून आहेत, त्यामुळे खेड्यातल्या माणसाच्या मनात भारतीय चेहरा म्हणजे दुकानाच्या गल्ल्यामागचा चेहरा. भारतात ख्रिस्ती लोक आहेत, त्यांची स्वतःची भाषा, भजने आणि पवित्र शास्त्र आहे, हे ऐकून अनेकांना नवल वाटते. तुमची साक्ष येथूनच सुरू करा. आमच्या गटाने टाळांचा एक जोड नेला होता. उपासनेत पाहुण्यांना गायला सांगतातच. आम्ही टाळांवर एक मराठी ख्रिस्ती भजन म्हटले, आणि दुसऱ्या कडव्याला मंडळीतल्या स्त्रियांनी शब्द कळत नसताना टाळ्यांचा ठेका असा काही धरला की भजन दहा मिनिटे चालले.

पाचवी पायरी : सामान

आता ती यादी. बॅटरी किंवा डोक्याला लावायचा दिवा, कारण खेड्यात वीज नसते. ब्रिटिश पद्धतीच्या तीन चौकोनी पिनांचे अडॅप्टर आणि पॉवर बँक. मच्छरदाणी, अंगाला लावायचे डास-प्रतिबंधक, जीवनरक्षक क्षारांची पाकिटे, पाणी शुद्ध करायच्या गोळ्या, स्वतःची नेहमीची औषधे. बंद बूट एक जोड, चप्पल एक जोड. पुरुषांसाठी उपासनेला इस्त्रीची पॅन्ट आणि कॉलरचा शर्ट. गरिबातला गरीब माणूस तेथे रविवारी स्वच्छ, नीटनेटका येतो आणि पाहुण्याने मळक्या टी-शर्टवर येणे हा मंडळीचा अपमान समजला जातो. स्त्रियांनी घोट्यापर्यंतचा स्कर्ट किंवा सलवार-कमीज न्यावी आणि पोहोचताच बाजारातून दोन मीटरचे 'चितेंजे' विकत घ्यावे. हे छापील सुती वस्त्र कमरेला गुंडाळायचे, त्यातच मूल पाठीशी बांधायचे, त्याचीच डोक्यावर चुंबळ करायची. आपल्या आजीच्या लुगड्याइतकेच ते बहुगुणी आहे. साडी एखादी अवश्य न्यावी, तेथील भगिनींना ती कशी नेसतात हे पाहायचे असते.

जुने कपडे नेऊ नका. परदेशातून गठ्ठ्यांनी आलेले वापरलेले कपडे तेथील बाजारात विकले जातात, त्याला 'काउंजिका' म्हणतात, आणि त्यावर अनेकांचे पोट चालते. मुलांमध्ये उधळायला चॉकलेटेही नेऊ नका.

सहावी पायरी : गावात पोहोचल्यावर

लिलाँग्वेला उतरल्यावर घड्याळ साडेतीन तास मागे घ्या. गावात पोहोचल्यावर सर्वांत आधी पाळकांबरोबर गावच्या प्रमुखांकडे जायचे असते. साखर, साबण, मीठ अशी छोटी भेट पाळकांच्या सल्ल्याने न्यावी. तेथे घाई करू नका. चटईवर बसायचे, कोण, कोठून, कशासाठी आलो ते सांगायचे, आणि परवानगी मागायची. प्रमुखांनी होकार दिला की सारे गाव तुमची काळजी घेते.

जेवणाआधी घरातली मुलगी किंवा सून तांब्या आणि घमेले घेऊन येते आणि पाहुण्याच्या हातावर पाणी घालते. ताटात 'न्सिमा' असतो, मक्याच्या पांढऱ्या पिठाचा घट्ट उकडलेला गोळा. ज्यांनी तांदळाची उकड खाल्ली आहे त्यांनी त्याहून पुष्कळ घट्ट अशी कल्पना करावी. तो उजव्या हाताने तोडून, बोटांनी वळून, भोपळ्याच्या पाल्याच्या, घेवड्याच्या किंवा सुक्या मासळीच्या 'न्दिवो'बरोबर खातात. हाताने जेवण्याची सवय असलेल्या आपल्याला यात काहीच अवघड नाही, आणि यजमानीणबाईंना ते पाहून फार बरे वाटते. कोंबडी वाढली तर समजा की मोठा मान दिला आहे. ती नाकारू नका. शाकाहारी असाल तर पत्रव्यवहारातच कळवून ठेवा, ताटावर बसल्यावर सांगू नका. आंघोळ बादलीने आणि संडास खड्ड्याचा, यात आपल्या खेड्यांत वाढलेल्यांना नवे काही नाही.

वाटेत मुखवटे घातलेले नर्तक दिसले तर बाजूला उभे राहा आणि मोबाइल खिशात ठेवा. चेवा लोकांचा हा 'गुले वामकुलु' विधी आहे. त्याविषयी मंडळीतल्या लोकांची मते वेगवेगळी असतात. पाहुण्याने व्यासपीठावरून त्यावर बोलणे टाळावे.

गावात कोणी वारले तर ठरलेले सर्व कार्यक्रम थांबतात. 'मालिरो' म्हणजे अंत्यसंस्कार. त्याला सारे गाव जाते आणि पाहुण्यांनीही जावे. वर्ग रद्द झाला म्हणून चुळबुळ करू नका. स्त्रिया स्त्रियांमध्ये, पुरुष पुरुषांमध्ये जमिनीवर शांत बसावे. आमच्या दोन आठवड्यांत असे दोन दिवस गेले, आणि गावाने आम्हाला आपले म्हटले ते त्या दोन दिवसांमुळे, असे मला आजही वाटते.

सातवी पायरी : संदेश आणि दुभाषा

उपासना अडीच-तीन तास चालते, चार-पाच गायक-मंडळे गातात आणि अर्पणाच्या वेळी कोणी मका, कोणी कोंबडीही घेऊन पुढे येते. तुम्हाला संदेश द्यायला सांगितले तर वीस मिनिटांचीच तयारी करा. दुभाष्यामुळे त्याची चाळीस होतात. आदल्या दिवशी दुभाष्याबरोबर तासभर बसून शास्त्रपाठ, मुद्दे आणि उदाहरणे त्याला सांगा. आपण मराठीत विचार करतो, इंग्रजीत बोलतो आणि तो चिचेवात सांगतो, म्हणजे अर्थ दोनदा उंबरठा ओलांडतो. म्हणून वाक्य छोटे करा, एक वाक्य झाले की थांबा, आणि आपल्याकडच्या म्हणी घरीच ठेवा. पेरणाऱ्याचा दृष्टान्त सांगताना मी नांगर आणि बैल आणले, तेव्हा दुभाषा घुटमळला; तेथे बहुतेक लोक खांद्यावरच्या कुदळीने वरंबे घालतात आणि वरंब्यावर मका टोकतात. पुढच्या रविवारी मी वरंबा म्हणालो, तेव्हा माना हलल्या.

आठवी पायरी : पैसा आणि शब्द

मला सर्वांत जास्त खंत आहे ती याच बाबतीत. पहिल्या दौऱ्याच्या शेवटच्या दिवशी एक वृद्ध विधवा मला तिच्या घरी घेऊन गेली. भाजलेल्या विटांच्या भिंती उभ्या होत्या, वर गवताचे छप्पर कुजले होते. तिला बारा पत्रे हवे होते. मला नाही म्हणवेना, म्हणून मी आपल्या सवयीप्रमाणे 'बघू' या अर्थाचे इंग्रजीत काहीतरी बोललो. आपल्याकडे 'बघू' म्हणजे काय, हे ऐकणाऱ्याला कळते. दुभाष्याने मात्र जे ऐकले तेच सांगितले: पाहुणे यात लक्ष घालतील. दोन वर्षांनी आमचा दुसरा गट गेला तेव्हा ती आजी मंदिराच्या दारात उभी होती. हातात वहीच्या कागदाचा घडी घातलेला तुकडा होता आणि त्यावर माझे नाव आणि १२ हा आकडा लिहिलेला होता. तिने त्या दोन पावसाळ्यांत छपरावर नवे गवत घातले नव्हते, कारण पत्रे येणार होते.

म्हणून: 'बघू', 'प्रयत्न करू', 'प्रभूची इच्छा असेल तर' ही वाक्ये मागणीच्या उत्तरादाखल तेथे उच्चारू नका. 'हे ठरवण्याचा अधिकार मला नाही, अबुसांशी बोला' असे स्पष्ट, हात जोडून सांगा. कोणाच्याही हातावर एकट्याने पैसे ठेवू नका; माध्यमिक शाळेची फी असो, औषध असो वा पत्रे, मागणी पाळक आणि वडीलमंडळापुढे न्यावी, कारण गावात कोणाची गरज किती खरी आणि किती निकडीची हे त्यांनाच ठाऊक असते. गटाचे दान एका रकमेने, पावती घेऊन, मंडळीच्या खात्यात द्यावे. मुलाची फी तुम्ही घेतलीत तर शाळा संपेपर्यंत घ्या, एका वर्षाची घेऊन सोडू नका. तेथे एक म्हण आहे, 'मुतु उमोद्झी सुसेन्झा देन्गा', एका डोक्यावर छप्पर पेलत नाही. त्या आजींचे छप्पर शेवटी मंडळीतल्या स्त्रियांनी आणि आम्ही मिळून घातले. अर्धे पत्रे त्यांच्या वर्गणीचे, अर्धे आमचे, आणि लाकूडकाम गावच्या सुताराचे.

मुलांविषयी एवढेच सांगतो की अनाथालयांना 'भेट देण्याचा' कार्यक्रम आखू नका. दर महिन्याला नवे पाहुणे येऊन जवळ घेतात आणि निघून जातात, हे लेकरांच्या मनाला सोसत नाही. फोटो काढण्याआधी पालकांना विचारा. आजारी, उघड्या किंवा रडणाऱ्या मुलाचा फोटो विचारूनही काढू नका. आपल्या स्वतःच्या लेकराचा तसा फोटो परक्या देशातल्या मंदिराच्या पडद्यावर आपल्याला चालला असता का, हे मनाला विचारावे.

नववी पायरी : परतल्यावर

परतल्यानंतरच्या काही महिन्यांत ताप आला तर त्याच दिवशी रक्त तपासून घ्या आणि डॉक्टरांना आपण आफ्रिकेत जाऊन आलो आहोत हे पहिल्याच वाक्यात सांगा. गोळ्यांचा क्रम पूर्ण करा.

महिन्याभरात तीन कामे उरकावीत. आपल्या मंडळीला पैशाचा पूर्ण हिशेब द्यावा आणि त्याची प्रत मलावीच्या मंडळीलाही पाठवावी. यजमान पाळकांना पत्र लिहून, आमचे काय चुकले ते मोकळेपणाने कळवा, अशी विनंती करावी; पहिल्या पत्राला फक्त आभार येतील, दुसऱ्यांदा विचारल्यावर खरे उत्तर येते. आणि ज्या घरांत राहिलात त्या घरांतल्या माणसांचे फोटो कागदावर छापून, मागे प्रत्येकाचे नाव लिहून, पुढे जाणाऱ्या गटाबरोबर द्यावेत. मोबाइलवर पाठवलेला फोटो त्या घरांपर्यंत पोहोचत नाही, छापलेला भिंतीवर लागतो. त्या आजींचा फोटो आम्ही नव्या छपराखाली काढला होता. तो मी दोन प्रतींत छापला, एक त्यांना दिला आणि एक माझ्या पासपोर्टच्या पाकिटात ठेवला आहे.